घोरणे थांबले, श्वासाचे काय?

शिरूर घोडनदीच्या काठी आहे. दौंड भीमेच्या काठी आहे. घोडनदीचे पाणी पुढे भीमेलाच मिळते. या दोन्ही तालुक्यांत रात्र कधी पुरती झोपत नाही. दौंडच्या जंक्शनात रात्रभर गाड्या येतात-जातात. शिरूरवरून अहिल्यानगरकडे मालमोटारी धावतात. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांत रात्रपाळी चालते. हंगामात उसाच्या गाड्या रस्त्याला लागतात, गुऱ्हाळे धगधगतात. ज्याला अशी रात्र जागावी लागते, त्याला झोपेचे मोल कळते.

आज आम्ही झोपेविषयीच बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "झोप काय शिकवायची? भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा!" खरे आहे. दमलेल्या माणसाला दगडावरही झोप लागते. पण डोळे मिटले म्हणजे विश्रांती मिळाली, असे नेहमीच होत नाही.

हे समजण्यासाठी आपण एक घर डोळ्यांपुढे आणू. अशी घरे पुष्कळ आहेत. म्हणून नाव-गाव सांगत नाही. घरधन्याला आपण ड्रायव्हरमामा म्हणू आणि घरधनिणीला मामी.

मामांचे घोरणे

मामा शिरूरचे. वय पंचेचाळीस. टेम्पो चालवतात. रांजणगावचा माल घेऊन न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरतात, तिथून पाटस, कुरकुंभ, दौंड. अंग भरलेले. मान जाड. पोट थोडे सुटलेले. नाक नेहमी चोंदलेले. रस्त्याची धूळ, डिझेलचा धूर, वर बिडी.

मामा आडवे झाले की घटकाभरात घोरू लागत. घोरणे असे की शेजारच्या खोलीतली पोरे जागी होत. पोरे हसत. म्हणत, "कुंभकर्ण निजला!" मामाही हसत. म्हणत, "घोरतो म्हणजे गाढ झोपतो. दिवसभर राबतोय मी."

मंडळी, हीच पहिली चूक. घोरणारा माणूस गाढ झोपतो, ही समजूत खरी नाही. पुष्कळदा त्याची झोप रात्रभर मोडत असते. मात्र ती मोडल्याचे त्याला सकाळी आठवत नाही.

घोरणे का येते?

आपण नाकाने श्वास घेतो. हवा नाकातून घशात जाते. तिथून श्वासनळीत आणि मग फुप्फुसात. श्वासनळीला कुर्च्यांच्या कड्या असतात. म्हणून ती दबत नाही. पण जिभेमागचा घसा ही मांसाची मऊ नळी आहे. जागेपणी तिथले स्नायू ताठ असतात आणि वाट उघडी राहते. झोपेत स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरते. वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जोराने जाते. तेव्हा टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ फडफडतात. ती फडफड म्हणजे घोरणे.

शेतकऱ्याला हे लवकर समजेल. विहिरीवरच्या मोटारीच्या ओढत्या बाजूला आपण मऊ पाइप लावत नाही. का? मोटार पाणी ओढते आणि मऊ पाइप चपटा होतो. मग पाणी येत नाही. घशाचेही तसेच. आपण श्वास आत ओढतो तेव्हा मऊ घसा आत खेचला जातो. नाक चोंदलेले असेल तर जास्त जोराने ओढावे लागते. जितकी ओढ जास्त, तितका घसा जास्त दबतो.

कधी कधी घसा पुरता मिटतो. छाती हलते, पोट हलते, पण हवा आत जात नाही. घोरणे एकदम थांबते. दहा मोजावेत, वीस मोजावेत, तरी आवाज नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो. मग मेंदू झोपेतूनच माणसाला हलवतो. माणूस खसकन श्वास घेतो, कूस बदलतो आणि पुन्हा घोरू लागतो. या रोगाला झोपेतला श्वासरोध म्हणू. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पाहणी केली. ती २००४ साली छापून आली. पस्तीस ते पासष्ट वयाचे शहरातले पुरुष त्यांनी तपासले. शंभरात सात-आठ जणांना हा रोग होता. म्हणजे हा रोग दूरदेशीचा नाही. आपल्याच माणसांतला आहे. बायकांनाही तो होतो. पाळी गेल्यानंतर तर जास्त.

नाकावरची पट्टी

एके दिवशी मामांना कोणी तरी सांगितले, "मेडिकलमध्ये नाकाला लावायची पट्टी मिळते. घोरणे जाते." मामांनी ती आणली. दिसायला साधी चिकटपट्टी. पण तिच्यात लवचिक ताण असतो. नाकाच्या मधल्या भागावर आडवी चिकटवली की ती दोन्ही बाजूंनी नाकपुड्या बाहेर ओढते. नाकाची वाट थोडी मोकळी होते.

त्या रात्री घोरणे निम्म्यावर आले. पोरे झोपली. मामी म्हणाल्या, "बरं झालं बाई! एवढ्याशा पट्टीनं काम झालं."

पण मामी रोज संध्याकाळी साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. त्या वर्गात एकदा झोपेतल्या श्वासावर बोलणे झाले होते. मामींच्या मनात पाल चुकचुकली. चौथ्या रात्री त्या जाग्या राहिल्या. कान देऊन ऐकू लागल्या. घोरणे हळू होते खरे. पण मधेच सगळे शांत होई. मामी मनात मोजू लागल्या. एक, दोन, तीन... चौदा. मग मामांनी खसकन श्वास घेतला.

पुन्हा घोरणे. पुन्हा शांत. या वेळी सतरा.

मामींच्या पोटात गोळा उठला. आवाज कमी झाला होता. श्वास मात्र अजून अडकत होता.

मामींची वही

मामींनी दुसऱ्या दिवशी वही काढली. चार रेघा मारल्या. वर लिहिले: तारीख, वेळ, किती वेळा श्वास थांबला, सकाळी कसे वाटले. रोज रात्री त्या एक तास जागत. थांबलेला प्रत्येक श्वास काडीने लिहीत. पाच काड्यांची एक जुडी. सकाळी मामांना विचारीत आणि लिहीत. "डोके दुखते." "तोंड कोरडे." "रात्री दोनदा लघवीला उठले." "चहा पिऊन पुन्हा डुलकी."

अक्षर वाकडे होते. काना-मात्रा चुकत होत्या. पण लिहिलेले खरे होते.

मामा चिडत. "अगं, माझं काय मोजतीस? मी काय म्हैस आहे व्हय?" मामी म्हणत, "अहो, तुम्ही झोपलेले असता. तुम्हाला कसं कळायचं? मला कळतंय, म्हणून मी लिहितेय."

हे ध्यानात घ्या. हा रोग ज्याचा त्याला दिसत नाही. तो दिसतो शेजारी झोपणाऱ्याला.

न्हावऱ्याची रात्र

पुढच्या आठवड्यात मामा भरलेला टेम्पो घेऊन निघाले. पहाटेचे तीन वाजले असतील. न्हावऱ्याच्या पुढे त्यांचा डोळा लागला. किती वेळ? दोन-तीन पळे. तेवढ्यात चाके रस्त्याच्या कडेला उतरली. खडखडाटाने मामा जागे झाले. त्यांनी ब्रेक दाबला. समोर दहा पावलांवर उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मागे लाल दिवा नव्हता. ट्रॅक्टरच्या सावलीत दोन माणसे झोपली होती.

कोणाला काही लागले नाही. पण मामांचे हात स्टिअरिंगवर थरथरत राहिले.

घरी त्यांनी हे सांगितले नाही. मालकालाही सांगितले नाही. सांगितले तर गाडी हातातून जाईल, ही भीती. आम्ही ही भीती समजू शकतो. ज्याचे पोट गाडीवर चालते, त्याला आपला आजार लपवावासा वाटतो. पण झोप लपत नाही. ती चालत्या गाडीत उघडी पडते.

दौंडला मामींचे माहेर. भाऊ रेल्वेत. सणाला सगळे तिकडे गेले. जेवण झाले. मेव्हण्यांशी बोलता बोलता मामा बसल्या जागी पेंगले. मेव्हणे म्हणाले, "दाजी, हे बरं नाही. आमच्यात गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रांतीला फार जपतात. तुमच्या मागं तर हजार माणसं नाहीत, पण पुढं रस्ता आहे ना?"

तेव्हा मामांनी न्हावऱ्याची गोष्ट सांगितली. मामी ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि भावापुढे ठेवली.

डॉक्टरांकडे

आधी सरकारी रुग्णालयात दाखवले. डॉक्टरांनी वही वाचली. दोनदा वाचली. मग रक्तदाब पाहिला. तो वाढलेला होता. त्यांनी नाक पाहिले, घसा पाहिला, मान मोजली. म्हणाले, "वहीमुळे माझं काम सोपं झालं. आता पुण्याला झोपेची तपासणी करून घ्या."

ही तपासणी कशी असते? भिण्यासारखे काही नाही. सुई टोचत नाहीत. नाकाशी बारीक नळी लावतात. छातीला आणि पोटाला पट्टा बांधतात. बोटाला चिमटा लावतात. तो रक्तातला प्राणवायू मोजतो. कधी डोक्यालाही तारा चिकटवतात. मग माणसाने झोपायचे. यंत्र रात्रभर लिहीत राहते. काही वेळा यंत्र घरी नेऊनही तपासणी होते.

तासाला श्वास किती वेळा पुरता थांबला किंवा फार कमी झाला, ते मोजतात. दहा सेकंदांहून कमी अडथळा धरत नाहीत. मोठ्या माणसांचा हिशोब असा:

तासाला ५ पेक्षा कमी — ठीक.
५ ते १५ — सौम्य रोग.
१५ ते ३० — मध्यम रोग.
३० आणि वर — तीव्र रोग.

मामांचा आकडा आला १२. म्हणजे रोग सौम्य. पण दिवसा झोप येते आणि धंदा गाडीचा. डॉक्टर म्हणाले, "आकडा सौम्य आहे. रस्ता सौम्य नाही. उपचार करायचाच. आणि डोळ्यांवरची झापड जाईपर्यंत रात्री गाडी चालवायची नाही."

नाकाची साधने किती प्रकारची?

डॉक्टरांनी मामांना जे समजावले, ते आम्ही येथे थोडक्यात देतो.

पहिले साधन नाकावरची पट्टी. ती नाक बाहेरून उघडते.

दुसरे साधन नाकपुडीत ठेवायचे मऊ छल्ले. ते नाक आतून उघडे धरतात. ज्याचे घोरणे चोंदलेल्या किंवा अरुंद नाकामुळे आहे, त्याला या दोन्हींचा उपयोग होतो. तुम्ही घरी पाहू शकता. दोन्ही गालांवर नाकाशेजारी एकेक बोट ठेवा. गाल हलके बाहेर ओढा. श्वास मोकळा वाटला तर पट्टीने मदत होण्याचा संभव आहे. पण ही साधने घसा उघडा धरत नाहीत. म्हणून श्वासरोधावर त्यांचा भरवसा धरू नये.

तिसरे साधन झडपेचे. दोन छोट्या झडपा. एकेका नाकपुडीत एकेक बसते. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह तुम्ही पाहिला आहे. तो पाणी आत घेतो आणि परत जाऊ देत नाही. ही झडप त्याचीच धाकटी बहीण. श्वास आत घेताना ती पुरती उघडते. श्वास सोडताना मिटते. मात्र तिला बारीक भोके असतात. त्यांतून हवा हळूहळू बाहेर पडते. त्यामुळे घशात हवेचा दाब राहतो. तो दाब घसा मिटू देत नाही. विजेची गरज नाही. मोटारीचा आवाज नाही.

या झडपेची परीक्षा अमेरिकेत झाली. २०११ साली तिचा निकाल छापून आला. सुमारे अडीचशे रुग्ण होते. काहींना खरी झडप दिली, काहींना खोटी. तीन महिन्यांनी खरी झडप वापरणाऱ्यांचे श्वास अडकणे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले होते. खोटी झडप वापरणाऱ्यांचे सुमारे १० टक्क्यांनी. म्हणजे गुण आहे. पण सगळ्यांना सारखा नाही. काहींना श्वास सोडताना कोंडल्यासारखे वाटते आणि ते झडप सोडून देतात. ज्याचे नाक पुरते बंद आहे, ज्याला फुप्फुसाचा किंवा हृदयाचा मोठा आजार आहे, त्याने ती आपल्या मनाने लावू नये. ती जवळच्या दुकानात मिळेलच असेही नाही. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

चौथे साधन हवेच्या दाबाचे यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे मांडले. नाकावर मुखवटा लावतात. नळीतून यंत्र हवा सोडते. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. मध्यम आणि तीव्र रोगावर हाच भरवशाचा उपाय. त्याला वीज लागते. वीज गेली तर काय करायचे, ते आधीच विचारून ठेवावे.

याशिवाय दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारे साधन करून देतात. सौम्य रोगात त्याचाही उपयोग होतो.

मामांनी काय केले?

मामांनी पहिल्यांदा बिडी सोडली. सोपे गेले नाही. दोनदा पुन्हा धरली, तिसऱ्यांदा सुटली. रात्रीची दारू बंद केली. दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके केले. भाकरी तीच, तेल-तूप कमी. रोज सकाळी घोडनदीच्या बाजूला चालू लागले. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरले.

उताणे झोपणे सोडले. उताणे झोपले की जीभ मागे पडते. मामींनी जुन्या बनियनला पाठीमागे खिसा शिवला. त्यात कापडाचा बोळा भरला. मामा उताणे झाले की बोळा टोचे आणि ते कुशीवर वळत.

नाकाची सूज डॉक्टरांनी औषधाने उतरवली. मामा पूर्वी नाक मोकळे करणारे थेंब महिना महिना टाकीत. डॉक्टरांनी ते बंद केले. असे थेंब चार-पाच दिवसांवर गेले की नाक उलट जास्त चोंदते.

कोणी म्हणेल, जलनेती केली तर? जलनेती आपल्याकडची जुनी क्रिया. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ सालापासून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. जलनेतीने नाकातली धूळ आणि शेंबूड धुऊन निघतो. पण ती जाणत्याकडून शिकावी. पाणी उकळून कोमट केलेले घ्यावे. नदीचे, विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. त्यातले काही जंतू नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. आणि जलनेतीने घशाचे मिटणे थांबत नाही, हेही विसरू नये.

मग डॉक्टरांनी झडपेचे साधन दिले. पहिल्या तीन रात्री मामा वैतागले. "नाकात बूच मारल्यागत वाटतंय," म्हणाले. डॉक्टरांनी सांगितले होते, "श्वास तोंडाने सोडा, सवय होईल." आठवड्याने सवय झाली.

मामींची वही चालूच होती. एका तासात काड्यांच्या दोन जुड्या असत. त्या एकीवर आल्या. मग दोन-तीन काड्या. काही रात्री पान कोरे.

पण डॉक्टरांनी वहीवर थांबू दिले नाही. झडप लावून पुन्हा तपासणी केली. आकडा आला ४. तेव्हाच ते म्हणाले, "आता साधन लागू पडले." मामांची दिवसाची पेंग गेली. रक्तदाबाचे औषध मात्र चालू राहिले. मग मामांनी मालकाला सारे सांगितले. मालक म्हणाला, "आधीच सांगायचं होतं. माझी गाडी गेली असती, तुझा जीव गेला असता." दोन महिने मामांनी दिवसाच्या फेऱ्या केल्या. डॉक्टरांनी होकार दिल्यावरच रात्रीची गाडी घेतली.

आजही न्हावऱ्याजवळ आले की मामा गाडी हळू करतात.

ध्यानात ठेवा

नुसते घोरणे आणि श्वास अडकणे, या दोन गोष्टी आहेत. शेजाऱ्याने कान देऊन ऐकावे.

मोठे घोरणे, मधे शांतता, दिवसा झोप, सकाळी डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब — यांतले काही जुळले तर डॉक्टरांकडे जा.

साधनाने आवाज कमी झाला म्हणजे रोग गेला असे नाही. साधन लावून पुन्हा तपासून घ्या.

लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर त्याला पट्टी लावू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकामागच्या किंवा घशातल्या गाठी सुजलेल्या असू शकतात.

पेंग आली तर गाडी बाजूला घ्या. चहाने आणि गाण्याने झोप टळत नाही. थोडी पुढे ढकलली जाते, इतकेच.

प्रश्न

१. विहिरीच्या मोटारीला ओढत्या बाजूला मऊ पाइप का लावत नाहीत? घशाशी त्याचे साम्य काय?
२. पट्टी लावून घोरणे कमी झाले, तरी मामींना काळजी का वाटली?
३. झडपेच्या साधनात आणि नाकावरच्या पट्टीत फरक काय?
४. मामांनी आजार का लपवला? तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

लिहा

तुमच्या घरात कोणी घोरत असेल तर मामींसारखी चार रेघांची वही करा. तीन रात्री एकेक तास ऐका आणि लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आकडा खरा लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.